पन्नाशीच्या आसपास केस वाढवणाऱ्या पुरुषांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या मार्चमध्ये सलूनं बंद झाली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. जूनच्या अखेरीस ती उघडली, सोसायटीतले सगळे पुरुष पहिल्याच रविवारी रांगेला लागले आणि मी घरीच बसलो. ठरवून वगैरे काही नव्हतं, आळस होता. तो पुढे डोक्यावर चढून बसला.

आता केस खांद्याखाली आलेत. लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत लोक तेच तेच विचारतात. काही जण आवाज खाली आणून विचारतात, तेव्हा त्यांच्याही मनात आहे हे कळतं. त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी तपासतो. औषधांबद्दल खाली जे आहे ते त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर काय विचारायचं, एवढ्यापुरतंच धरा.

या वयात केस वाढतात तरी का? किती दिवस लागतात?

वाढतात. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला पाच-सहा इंच. वयाने वेग थोडा मंदावतो, पण खरी मेख दुसरीकडे आहे. प्रत्येक केसाला वाढायला ठरावीक मुदत मिळते, साधारण दोन ते सहा वर्षं. ती संपली की तो दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरतो, मग तीनेक महिने मुळाशी नुसता बसून राहतो आणि गळतो. त्या जागी नवा येतो. वय वाढतं तशी ही मुदत आखूड होते. म्हणून कॉलेजात ज्याचे केस कमरेला टेकायचे त्याचे पन्नाशीत पाठीच्या मध्यावर अडतात. तुमचे कुठे अडतील हे वाढवून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

नेहमीच्या साध्या कटपासून मोजलं तर कान झाकायला सहा-सात महिने, मागून कॉलरला टेकायला वर्ष, पुढचे केस मागच्या रबरात बसायला दीड वर्ष आणि सगळे खांद्यापर्यंत यायला दोन वर्षं. सहा महिन्यांत लांब केस देतो म्हणणारं तेल कोणी विकत असेल, तर त्याला गणित येत नाही, किंवा तुम्हाला येत नाही अशी त्याची खात्री आहे.

वर विरळ व्हायला लागलेत. तरी वाढवू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा उत्तर 'हो' मिळेल अशा बेतानेच विचारतो.

एक काम करा. केस ओले करा आणि घरातल्या कुणाला तरी ट्यूबलाइटखाली तुमच्या डोक्याचा वरून फोटो काढायला सांगा. स्वतः काढू नका, आपण नकळत सोयीचा कोन निवडतो. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकले असतील तर काही बिघडत नाही. मागे घेतलेल्या केसांना ते शोभूनही दिसतं. प्रश्न टाळूचा आहे. तिथे कातडी दिसत असेल तर लांबी वाढेल तसे केस आपल्या वजनाने खाली चपटे बसतात आणि टाळू आणखी उघडी पडते. वर चंद्र आणि खाली शेपटी असा प्रकार होतो. आणि एका कानावरून केस ओढून दुसऱ्या कानापर्यंत पांघरणाऱ्यांना एवढंच सांगतो की बसमध्ये तुमच्या मागे उभा असलेल्या माणसाला सगळं दिसतं.

पुरुषांचं हे टक्कल बहुतांशी आनुवंशिक. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. कपाळ आणि टाळूवरची केसांची मुळं त्याला हळवी असतील तर ती हळूहळू बारीक होत जातात. प्रत्येक फेरीला केस आधीपेक्षा पातळ आणि आखूड उगवतो, शेवटी नुसती लव उरते. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या मुळांवर हा परिणाम होत नाही, म्हणून टकलाभोवती झालर शिल्लक राहते आणि केसरोपणासाठी केसही तिथूनच घेतात.

औषधं मुख्यतः दोन. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाच्या गोळीचं औषध. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवायला लागले, त्यातून पुढे डोक्याला लावायचा द्राव आला. १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते केसांना नाही, कातडीला लागलं पाहिजे, आणि लांब केसांत तेच अवघड जातं. भांग पाडत पाडत ड्रॉपरने लावावं लागतं. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळतात, तिथे बरेच जण घाबरून सोडतात. फरक दिसायला चार-सहा महिने जातात, आणि बंद केलं की कमावलेलं सगळं जातं. घरात मांजर असेल तर फार जपा. हे औषध मांजराला विषासारखं आहे, उशीवरचा ओला डागसुद्धा तिने चाटता कामा नये.

दुसरं फिनास्टेराइड, पोटात घ्यायची गोळी. ही डॉक्टरांशिवाय घेऊ नका. काहींना कामेच्छा कमी होण्याचा त्रास होतो. आपल्या वयाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची : प्रोस्टेटसाठी जी पीएसए तपासणी करतात तिचा आकडा या गोळीने जवळजवळ निम्मा होतो. तेव्हा लघवीच्या तक्रारीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर गोळी चालू असल्याचं आधी सांगा, नाहीतर वाढलेला आकडा नॉर्मल दिसेल.

मधले काही महिने फार विचित्र दिसतं म्हणतात. खरं का?

खरं. चौथ्यापासून दहाव्या महिन्यापर्यंत धड आखूड नाही, धड लांब नाही. कानावरचे केस पंख्यासारखे बाहेर येतात, पुढचे डोळ्यांत जातात, मागचे कॉलरवर वळतात. ही अवस्था मी दोनदा काढली आहे. दुसऱ्यांदा का, ते पुढे येईल. पहिल्यांदा लॉकडाऊन आणि मास्क होता म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा आमच्या प्लॅन्टमधला एक ऑपरेटर रोज सकाळी माझ्याकडे बघून म्हणायचा, "साहेब, रात्रपाळी होती का?"

यावर उपाय असा नाही. टोपी आहे, पाण्याचा हात आहे, मुलीचा काळा हेअरबँड आहे. मी घरात तो लावायचो आणि बेल वाजली की काढायचो. मग एकदा काढायचा राहिला, दारात कुरिअरवाला उभा. त्याने ओटीपी मागितला, मी दिला, तो गेला. त्या दिवसापासून काढायचं बंद केलं.

केस वाढवणं सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण सातव्या-आठव्या महिन्यात सोडतात. घरात कार्य निघतं, आई म्हणते, "अरे, फोटोत कसं दिसेल," आणि संपलं. तेव्हा सुरुवात करतानाच पुढच्या वर्षाचे मुहूर्त विचारून घ्या.

सलूनमध्ये काय सांगायचं?

"थोडेच कापा" हे कधीही सांगू नका. आमच्या नेहमीच्या सलूनवाल्याच्या हिशेबी थोडं म्हणजे तीन बोटं. पहिल्या वर्षी एकदा मी खुर्चीत डुलकी काढली आणि पाच महिने पेपराच्या कागदावर पडलेले पाहिले. त्याचा दोष नाही. पुरुषाचं डोकं समोर आलं की त्याचा हात सवयीने मशीनकडे जातो.

सांगायचं ते बोटाने दाखवून, शिंप्याला शिलाई सांगतो तसं : खालची टोकं अर्धा इंच समान करा, मशीन फक्त मानेवरच्या लवेला लावा, कल्ले हाताने आवरा, आणि ती दातेरी, केस विरळ करायची कात्री नको. ती कात्री लांब केसांत चालली की आखूड तुकडे वर उभे राहतात आणि ते बसायला वर्ष जातं. पहिलं वर्षभर फक्त मागची मान आवरत राहा, म्हणजे वरचे केस खालच्यांना गाठतात. नंतर तीन-चार महिन्यांनी टोकं कापली की पुरे. कापल्याने केस भराभर वाढतात ही समजूत तेवढी सोडून द्या. वाढ मुळाशी होते, टोकाला काय केलं हे मुळाला कळत नाही. टोकं कापायची ती फाटे फुटून वर चढू नयेत म्हणून.

किती वेळा धुवायचे? कशाने?

आठवड्यातून दोन-तीनदा. घाम-धूळ असेल त्या दिवशी नुसत्या पाण्यानेही भागतं. पुरुष जन्मभर साबणाच्या वडीने अंग धुता धुता तीच डोक्यावर फिरवत आलेले असतात. दोन इंची केसाला ते चालून जातं कारण तो केस चार-पाच महिन्यांचाच असतो. खांद्यावर आलेल्या केसाचं टोक दोन वर्षं जुनं असतं. तेवढे उन्हाळे, तेवढी धुणी त्याने सोसलेली असतात.

शॅम्पू मुळाशी, बोटांच्या पेरांनी. टोकांना वेगळा चोळायचा नाही, वरून ओघळतो तेवढा बास. कंडिशनर नेमका उलट : कानाच्या खाली, टोकांकडे, मुळाला अजिबात नाही. दोन मिनिटं ठेवून धुऊन टाकायचा. कंडिशनर बायकांची गोष्ट आहे असं मलाही वाटायचं. वापरायला लागल्यावर गुंता निम्म्यावर आला.

शिकेकाई आवडत असेल तर खुशाल वापरा, पण उकळून गाळून. नुसती पूड केसांत अडकते आणि दिवसभर शर्टावर पडत राहते. डोळ्यांत गेली तर काय होतं ते लहानपणीच्या दिवाळीवरून सगळ्यांना आठवत असेल.

आता पाणी. आमच्या सोसायटीत एप्रिलपासून बोअरचं आणि टँकरचं पाणी सुरू होतं आणि केसांचा काथ्या होतो. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसावर बसतं. मी एक करतो : सगळं धुऊन झालं की शेवटचे दोन तांबे पिण्याच्या फिल्टरचं पाणी ओततो. त्या मशीनमधून क्षार निघून गेलेले असतात, त्यामुळे तेवढ्यानेही फरक पडतो. बायको म्हणते, "प्यायचं पाणी डोक्यावर ओतणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला." दोनच तांबे आहेत हो.

तेल लावायचं की नाही?

खोबरेल लावा, पण ते केस उगवतं म्हणून नव्हे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ रेणूचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी निघून जातं. २००३ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून हे दाखवलं. फायदा खोबरेलाचाच दिसला. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हेही सांगायला हवं. पण माझ्या आजीचा निष्कर्ष तोच होता आणि ती कुठल्या कंपनीत नव्हती.

धुण्याच्या आदल्या रात्री, नाहीतर तासभर आधी, तळहातावर मावेल एवढं तेल मुख्यतः लांबीला लावायचं. चपचपीत नको. उशीचा अभ्रा वेगळा ठेवा, घरातली शांतता टिकते.

कोंडा असेल तर मात्र मुळाशी तेल चोळू नका. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते आणि ती डोक्यावरच्या तेलावरच पोसते. कोंडा झाला की डोकं कोरडं पडलंय समजून आपण आणखी तेल ओततो, म्हणजे तिला जेवायला वाढतो. केटोकोनाझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, फेस करून तीन-पाच मिनिटं तसाच ठेवून मग धुवायचा. लावून लगेच धुणारे लोक मग औषध लागू पडत नाही म्हणतात.

विंचरायचं कसं? गुंता फार होतो.

खालून वर. एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल. आपण पुरुष फणी कपाळावर टेकवून मागे ओढतो, लांब केसांत तसं केलं की वरचा सगळा गुंता खाली एका गाठीत जमा होतो. मुलीने मला हे शिकवलं तेव्हा ती अकरावीत होती. माझ्या मागे उभी राहून तिने केसांचा मधला भाग मुठीत घट्ट धरला, टोकाकडचे चार इंच सोडवले, मग मूठ वर सरकवली. "बाबा, मुठीच्या वर ओढ लागता कामा नये, मग दुखत नाही." सहा वर्षांची असताना तिच्या वेण्या मी घालायचो आणि ती रडायची. मूठ धरायची असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रुंद दातांची फणी घ्या. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून सरळ केसवाल्यांनी निम्मे वाळू द्यावेत, मग विंचरावेत. कुरळ्यांचं वेगळं, त्यांनी कंडिशनर केसांत असतानाच विंचरावं. पंचाने खसाखसा पुसू नका, दाबून टिपा.

गुंता आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर त्याची जट होते. जट म्हणजे न विंचरलेले, घाम-धूळ-तेलाने चिकटलेले केस, दैवी काही नाही. आपल्याकडे देवीची म्हणून बायकांना ती वर्षानुवर्षं वागवायला लावली गेली, मानदुखीसकट, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते समजूत घालून घालून ती कापत आले आहेत. तुमच्या मानेवर, कॉलर घासते तिथे, गाठ बसायला लागली तर त्याच दिवशी तेल लावून बोटांनी सोडवा.

हेल्मेटचं काय?

माझा रोजचा दोन वेळचा प्रश्न. डोक्याच्या वर अंबाडा बांधून हेल्मेट घालू नका. ते नीट बसत नाही, आणि न बसलेलं हेल्मेट पडल्यावर उपयोगाचं नाही. केस मानेच्या खळगीत, अगदी खाली, सैल बांधायचे किंवा सैल वेणी घालायची, शेपूट शर्टाच्या किंवा जॅकेटच्या आत. मोकळी सोडली तर चांदणी चौकापासून भोसरीपर्यंत वारा तिचा काथ्याकूट करतो. आत सुती रुमाल बांधला की घाम तो पितो आणि रुमाल रोज धुता येतो.

साधं पिवळं रबर केसांना लावू नका, ते केसांसकट निघतं. कापड गुंडाळलेलं घ्या. रोज एकाच जागी कचकचून बांधलं तर कपाळाकडचे केस ओढीने कायमचे जाऊ शकतात. जागा बदलत राहा, आणि घरी आल्यावर सोडा.

मशीनवर काम करतो. चालेल?

लेथ, ड्रिल, कन्व्हेअर, पट्टा असलेलं काहीही : केस बांधून टोपीच्या आत, एकही बट बाहेर नाही. इथे विनोद नाही. फिरता शाफ्ट केस ओढतो तेव्हा हात वर जायला वेळ मिळत नाही. घरी गॅसपाशी आणि मिक्सरपाशीही तेच.

मोरीच्या जाळीत मूठभर केस निघतात. सगळे जाणार का?

रोज पन्नास ते शंभर केस गळणं नैसर्गिक आहे. आधीही गळत होते, एक इंचाचे होते म्हणून दिसत नव्हते. दोन दिवसांनी डोकं धुतलं तर दोन दिवसांचे एकदम निघतात आणि तो गोळा बघून काळजाचा ठोका चुकतो. जाळी स्वतः साफ करा. पहिल्या महिन्यात ते मी बायकोवर सोडलं होतं. दुसऱ्या महिन्यात तिने तो गोळा कागदावर ठेवून माझ्या चहाशेजारी ठेवला.

एकदम, सगळीकडून, झुबक्याने गळत असतील तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, ऑपरेशन, झपाट्याने उतरलेलं वजन, घरातला मोठा धक्का. त्या वेळी बरेचसे केस एकदम वाढ थांबवतात आणि तीनेक महिन्यांनी एकत्र गळतात. कारण दूर झालं की साधारण सहा महिन्यांत हे आपोआप आवरतं. तसं काही आठवत नसेल तर थायरॉइड, लोह वगैरे तपासून घ्या. आणि नाण्याएवढा गोल चट्टा पडला, किंवा खाज, खपली, पू दिसला, तर तेल-लेप न लावता सरळ डॉक्टर.

पांढरे झालेत. रंगवू का?

माझं मत : नका. लांब केसांना दर तीन आठवड्यांनी मुळाशी पांढरी पट्टी दिसते आणि तुम्ही त्या पट्टीचे नोकर होता. पांढरा केस कोरडा, राठ वाटतो, त्याला कंडिशनर थोडा जास्त द्या. ऊन, धूर आणि जड पाण्याने तो पिवळा पडतो. जांभळ्या रंगाचा शॅम्पू मिळतो, तो महिन्यातून दोनदा लावला की पिवळेपणा मरतो.

रंगवायचेच असतील तर पाकिटावर पीपीडी, म्हणजे काळा रंग देणारं रसायन, आहे का बघा. काळ्या कलपात ते बहुधा असतंच, आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पाकिटांतही. खरी मेंदी पांढऱ्या केसाला केशरी-लाल करते, काळं कधीच नाही. पीपीडीची ॲलर्जी एकाएकी होऊ शकते, वीस वर्षं तेच पाकीट वापरणाऱ्यालाही. माझ्या एका मावसभावाचे डोळे लग्नाच्या आदल्या रात्री सुजून मिटले, मुलीच्या लग्नाच्या. आधी कानामागे थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास बघा.

कंपनीत चालतं का? लोक काय म्हणतात?

पोलीस, लष्कर इथे केसांचे नियम असतात. खाजगी कंपनीत बहुतेकदा नियम नसतो, साहेबाचा चेहरा असतो. माझ्या साहेबांनी पहिल्या वर्षी तीनदा विचारलं, "नवस वगैरे आहे का?" चौथ्यांदा मी हो म्हणालो. नंतर विचारलं नाही.

उदाहरणं द्यायची वेळ आली तर कमी नाहीत. अब्दुल कलाम सत्तराव्या वर्षी राष्ट्रपती झाले ते मध्ये भांग पाडून कानांवर रुळणाऱ्या रुपेरी केसांसकटच, आणि २००२ ते २००७ पाच वर्षं तसेच राहिले. माहीमच्या झाकीर हुसेनांचे केस तर तबल्याइतकेच लोकांच्या लक्षात आहेत. धोनीला २००६ मध्ये लाहोरला मुशर्रफांनी केस कापू नकोस म्हणून जाहीर सांगितलं होतं. त्याने ते पुढे कापले आणि २०२४ च्या आयपीएलला बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वाढवून आला.

नातेवाईक मात्र कलाम म्हणत नाहीत, पोतराज म्हणतात. एका आत्याने मला विचारलं, "आसूड कुठे ठेवलास?" हसायचं. पोतराजाचे केस आपल्यापेक्षा कितीतरी छान असतात. आणि पेशवाईतला पुरुष डोक्याचा घेरा ठेवून मागे हातभर शेंडी बाळगायचा. आपण ज्याला पुरुषाची रीत म्हणतो तो आखूड कट आपल्याकडे फार जुना नाही.

इस्त्रीचा शर्ट घाला, नखं कापा, दाढी एक तर नीट ठेवा नाहीतर नीट करा. केस लांब आणि बाकी गबाळं असेल तर लोकांना आजारी वाटता. हे मला आईने सांगितलं आणि ते खरं आहे.

उवा होतात का?

होतात. नातवंडं, भाचरं मांडीवर येऊन डोक्याला डोकं लावतात, तेवढं पुरतं. अस्वच्छतेशी संबंध नाही. औषध लावा, दातेरी बारीक फणीने लिखा काढा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावा आणि कुणाला सांगू नका.

घरात कोणी गेलं तर मुंडण करावं लागतं. मग?

आपल्या वयात हा प्रश्न उगाच नाही, म्हणून लांब लिहितो.

माझे वडील २०२२ च्या नोव्हेंबरात गेले. त्यांना माझे केस कधी आवडले नाहीत. दोन वर्षं ते "अरे, जरा माणसात ये" म्हणत राहिले. शेवटच्या दोन महिन्यांत, अंथरुणावर असताना, "ये साधूबुवा" म्हणायला लागले, आणि एकदा मी त्यांच्या पायांना तेल लावत असताना पुढे आलेली बट त्यांनी हाताने माझ्या कानामागे सारली. बोलले काही नाहीत.

दहाव्याला आम्ही पुण्यातल्या ओंकारेश्वराच्या घाटावर गेलो. गुरुजींनी स्वच्छ सांगितलं, चार केस काढले तरी चालतं, हल्ली बरेच जण तेवढंच करतात. धाकट्या भावाने तेवढंच केलं. आई म्हणाली होती, "त्यांना आवडत नव्हते, मला आवडतात. ठेव." कुणाचाही आग्रह नव्हता. मी सगळे काढले. घाटावरच्या न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन दोनदा विचारलं, "सगळे?" पाठीवर आलेले केस होते, त्यालाही जिवावर आलं असावं. दहा मिनिटांत झालं. नोव्हेंबरची सकाळ, नदीवरचा वारा, डोकं एकदम गार पडलं. हात जोडायला पुढे केले तेव्हा मनगटावर केसांचं काळं रबर तसंच होतं.

तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही. काढले नाहीत तर श्राद्ध अडत नाही, काढले तर दोन वर्षांत परत येतात. भावाला मी एका शब्दाने बोललो नाही, तुमच्या घरातही कुणी कुणाला बोलू नये. फक्त एक, हे बोलणं घरात आधी झालेलं असू द्या. घाटावर, भिजलेल्या धोतरात, डोकं चालत नाही.

खर्च किती येतो?

माझा शॅम्पू, कंडिशनर, तेल धरून महिन्याला चार-पाचशे रुपये. सलूनचे वाचतात त्यात जवळपास भागतं. वेळ जास्त लागतो, धुण्याच्या दिवशी वाळेपर्यंत तासभर. ड्रायर लावलात तर वीतभर लांबून आणि कोमट.

आधार, पासपोर्टवर फोटो जुना आहे. अडवतात का?

मला विमानतळावर एकदाच थांबवलं. केस मागे धरून चेहरा दाखवा म्हणाले, दाखवला, सोडलं. आधारचा फोटो केंद्रावर जाऊन बदलता येतो.

कापायचे ठरवले तर फेकवत नाहीत. दान करता येतात का?

येतात. कर्करोगाच्या रुग्णांच्या विगसाठी संस्था केस घेतात. बहुतेकींना किमान बारा इंच लागतात, काहींना रंगवलेले किंवा पांढरे चालत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या. घाटावरचे केस असे देता आले असते हे मला नंतर सुचलं.

आदल्या दिवशी धुवा आणि पूर्ण वाळवा. ओले पाठवले तर पिशवीत बुरशी धरते. मग मध्ये भांग पाडून चार-पाच वेगवेगळ्या शेपट्या बांधा, एकच जाड बांधली तर कापताना आतले केस आखूड-लांब होतात. प्रत्येकीला वर एक, खाली एक रबर. कात्री वरच्या रबराच्या वरून चालवायची, खालून चालवली तर सगळे केस जमिनीवर. सलूनवाल्याला हे आधी दोनदा सांगा. आणि जास्तीची रबरं उरली तर घेऊन या, घट्ट बसणारी आणि केस न ओढणारी सहजासहजी मिळत नाहीत.